कडा चढणे आणि कडा शिकवणे

१/ कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गालगत उचगाव वसले आहे. तिथल्या तरुणाला कडा पाहण्यासाठी हिमालय गाठावा लागत नाही. शहर ओलांडून वायव्येला निघाले की तासाभरात पन्हाळा येतो. हा कडा चढणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली. चढायला शिकवणाऱ्यांचे काय झाले, हा या धाग्याचा विषय.

२/ सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर १६६० मध्ये पन्हाळा आदिलशाहीकडे गेला. जानेवारी १६६६ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वतः गडावर हल्ला चढवला. गडावरील शिबंदी सावध होती. सुमारे हजार माणसे गमावून माघार घ्यावी लागली. कड्याखाली मोठी फौज उभी असणे आणि ती वर पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

३/ पुढे ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद निवडक साठ माणसांनिशी आला. तिथी फाल्गुन वद्य त्रयोदशी, म्हणजे अमावास्या जेमतेम दोन दिवसांवर. काळोखात कडा चढून त्यांनी वर रणवाद्ये फुंकली. मोठे सैन्य आत शिरले असे वाटून शिबंदी गडबडली. किल्लेदार बाबूखान मारला गेला आणि गड स्वराज्यात परतला. याच प्रसंगावर जयराम पिंड्ये यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले.

४/ हजारांना जे जमले नाही ते साठ जणांना कसे जमले? पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा आहे. त्याच्या खोबणींत बोटे रुततात, पण कडा ठिसूळही निघतो. अंधारात एक दगड निसटला, तरी अख्खा गड जागा होणार. अशा ठिकाणी संख्या उपयोगाची नाही, कौशल्य हवे. आणि ते एका रात्रीत येत नाही.

५/ हे ज्ञान गडाच्या परिसरातच नांदत होते. गडकरी वंशपरंपरेने किल्ल्याची चाकरी करत आणि त्याबदल्यात जमिनी कसत. चोरवाटा, पाण्याची टाकी, पहाऱ्याच्या जागा ठाऊक असणे हा त्या चाकरीचाच भाग होता. त्यासाठी शाळा नव्हती. बापामागून चालत मुलगा शिके.

६/ ही साखळी १८४४ मध्ये तुटली. इंग्रजांच्या देखरेखीखालील कारभारात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या अखत्यारीत नेल्या गेल्या. सामानगडापासून बंड पेटले, ते पन्हाळा आणि विशाळगडापर्यंत पोहोचले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने पन्हाळा घेतला. बंडानंतर तटबंदी पाडण्यात आली. गडाची चाकरी संपली आणि तिच्यासोबत शिकण्याची ती वाटही बुजली.

७/ नवी साखळी ११० वर्षांनी, फार दूरवर जुळली. एव्हरेस्ट सर केल्यानंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये, तेनसिंग नोर्गे काही शेर्पा सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडला गेले. तिथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्याकडे त्यांनी प्रशिक्षकाचे शिक्षण घेतले. जगातील सर्वोच्च शिखरावर उभ्या राहिलेल्या माणसालाही ‘शिकवणे’ निराळे शिकावे लागले! त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि क्षेत्रीय प्रशिक्षणाची धुरा तेनसिंग यांच्याकडे आली.

८/ मुंबईची ‘गिरिविहार’ ही संस्थाही १९५४ चीच. पुढे १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था उभी राहिली. प्राथमिक, मग प्रगत आणि त्यानंतर प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम अशी चढती भाजणी रुळली. हिमालयात शिकून आलेल्यांनी ते ज्ञान सह्याद्रीत आणले, पण जसेच्या तसे नाही. इथे बर्फ नाही. सुटे दगड, निसरडे गवत, तापलेला कातळ आणि आग्या मोहोळ आहे. दोर कशाला बांधायचा याइतकेच, कोणत्या कड्याला आज हात लावायचा नाही हेही प्रशिक्षकाला ओळखावे लागते.

९/ आज पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला पावसाळ्यात गर्दी उसळते. दोर आणि हार्नेस बाजारात मिळतात, पण ते कसे वापरावे ही जाण विकत मिळत नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि आयोजकांची नोंदणी व प्रशिक्षित मार्गदर्शक यांवर भर दिला. तरीही गडाच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येक मुलामागे शिकवणारा उभा आहेच, असे नाही.

१०/ कोंडाजीचे शौर्य आपण पोवाड्याच्या सुरात आठवतो. त्याच्या पहिल्या निर्णयाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्याने साठच माणसे निवडली, म्हणजेच बाकी साऱ्यांना खाली ठेवले. कोणाला वर न्यायचे आणि कोणाला अजून नाही, हे ठरवणे म्हणजेच प्रशिक्षकाचे काम. गड त्या रात्री घेतला गेला. पण त्याची सुरुवात या निवडीने झाली होती.