गोडीचा निरोप आणि भुकेचा हिशेब

साखरेचा इतिहास आपल्या देशाला परका नाही. 'शर्करा' आणि 'खंड' हे संस्कृत शब्द व्यापाऱ्यांबरोबर इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेले आणि तेथे 'शुगर' व 'कँडी' होऊन बसले. साखरेवाचून गोडी मात्र पाश्चात्त्य प्रयोगशाळेचे अपत्य होय; तेही अपघाताने जन्मलेले.

१८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, प्राध्यापक आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत, कॉन्स्टंटिन फालबर्ग हे डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होते. घरी जेवायला बसले, तो पाव गोड लागला. हात नीट धुतले गेले नव्हते! ते द्रव्य म्हणजे सॅकरिन. १९६५ साली जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावले, आणि ॲस्पार्टेम सापडले. तिसरी कथा आपल्याला अधिक जवळची आहे. १९७६ साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस या तरुण संशोधकास एक द्रव्य तपासण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते चाखण्यास सांगितले असे ऐकले. दोन्ही इंग्रजी शब्द मराठीत आपण 'टेस्ट' असेच लिहितो, तेव्हा त्यांना दोष कोणी द्यावा? साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड असे सुक्रालोज त्यातून जगाला मिळाले.

याच काळात दुसरी एक कथा घडत होती. १९०२ साली लंडनमध्येच बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखविले की, आतड्यातून निघणारा एक रस रक्तावाटे स्वादुपिंडास संदेश पोचवितो. अशा दूतांना १९०५ साली 'हार्मोन' हे नाव मिळाले. १९६४ साली असे आढळले की, तीच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिली असता इन्शुलिन अधिक स्रवते. म्हणजे आतडे स्वतः वर्दी देते. १९९४ साली चरबीच्या साठ्याची खबर मेंदूस देणारे लेप्टिन, आणि १९९९ साली जठरातून निघून भूक चेतविणारे घ्रेलिन हाती आले.

या दोन कथांची गाठ आमच्या शतकात पडली. जिभेवरील गोडीचा ग्राहक २००१ साली ओळखला गेला, आणि २००७ साली तोच आतड्यातही असल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा प्रश्न आला : कृत्रिम गोडी आतड्यालाही फसवीत असेल काय? माणसांवरील प्रयोगांत बहुधा तसे दिसले नाही. साखरेने वाढणारे जीएलपी-१ हे तृप्तीचे हार्मोन निव्वळ सुक्रालोजने वाढले नाही. आम्हा कचेरीतल्या माणसांच्या भाषेत सांगायचे तर, जमेचा कागद आला, रक्कम आली नाही. २०२५ साली अमेरिकेत ७५ प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, साखरेच्या पाण्यापेक्षा सुक्रालोजच्या पाण्यानंतर भूक अधिक जाणवली. मात्र साध्या पाण्यापेक्षा ती अधिक नव्हती.

म्हणून साखर निर्दोष ठरते, असे मुळीच नाही. तिचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ग्लुकोजच्या मानाने फ्रुक्टोजने इन्शुलिन व लेप्टिन कमी वाढले आणि घ्रेलिनही कमी दबले. म्हणजे उष्मांक आले, पण त्यांची वर्दी अपुरी पोचली.

मी स्वतः गेली काही वर्षे चहात साखरेऐवजी गोळी टाकीत आलो आहे. परवा लक्षात आले की, 'साखर तर घेतली नाही' या समाधानात सायंकाळी भज्यांची दुसरी बशी मी निःशंकपणे पुढे ओढतो. हा अपराध घ्रेलिनचा की माझा, हे कोणती प्रयोगशाळा सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा द्रव्यांवर विसंबू नये, असा सल्ला दिला. मधुमेह असलेल्यांना तो लागू केलेला नाही. त्यांनी आपल्या वैद्याचेच ऐकावे. आपण बाकीच्यांनी मात्र गोडी कोठून आणावी यापेक्षा ती किती हवी, हा जुना प्रश्न पुन्हा विचारावा. दीडशे वर्षांच्या शोधांनी जीभ फसविता आली. शरीराचा हिशेब मात्र अजून कोणाला बुडविता आलेला नाही.