बेकर यांचीं घरें

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, चीनमधून मायदेशीं परततांना मुंबईस बोटीसाठीं खोळंबलेल्या लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञांची गांधीजींशीं गांठ पडली. ५ मैलांच्या टापूंत मिळेल त्याच सामानानें घर बांधावें, हें गांधीजींचें म्हणणें त्यांच्या मनांत रुजलें. पुढें पिठोरागडच्या पहाडांत गांवकऱ्यांचीं घरें पाहून हा पदवीधर त्यांचाच शिष्य झाला! १९७० नंतर त्रिवेंद्रमला त्यांनीं विटा कडेवर उभ्या रचल्या. भिंतीच्या पोटांत पोकळी राहिली, शेंकडा २५ विटा वांचल्या, उन्हाची झळहि उणावली. खिडकीच्या जागीं बहुधा विटांचीच जाळी. कांचेच्या पेट्या उभारून मग त्या थंड करण्यास वीज जाळणाऱ्या आमच्या शहाणपणास काय म्हणावें? पूंतुरा येथील कोळ्यांच्या घरांसहि बेकर यांनीं तीच जाळी दिली. समुद्राचा वारा तिच्यांतून फुकट येई.