तवंदीचा घाट आणि बाथर्स्टचा डोंगर

निपाणी मागे टाकून बेळगावकडे निघाले की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो. आजच्या गाड्यांना तो घाट वाटतही नाही. पण १९८० च्या सुमारास माझ्या मामांच्या फियाटला तो चांगलाच जाणवत असे. मामांचा निपाणीत तंबाखूचा व्यापार. नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर त्यांच्या दारी ती गाडी आली होती. घाटात इंजिन तापले की मामा गाडी कडेला घेत, बॉनेट उघडत आणि मला पाण्याचा डबा आणायला सांगत. तेवढ्यात एखादी अ‍ॅम्बॅसेडर पुढे निघून गेली तर म्हणत, "जाऊ दे रे त्याला! वर गेल्यावर तोही पाणी प्यायला थांबेलच."

ही आठवण जागी झाली ती गेल्या मे महिन्यात. मेलबर्नला स्थायिक झालेला माझा एक माजी विद्यार्थी भेटायला आला आणि मोटारींच्या शर्यतीविषयी तासभर बोलत बसला. इतिहासाचा शिक्षक असल्याने मी मग तो विषय मुळापासून वाचून काढला. त्यातले जे आपल्या उपयोगाचे वाटले ते वाचकांपुढे ठेवतो.

ऑस्ट्रेलियात १९६० साली फिलिप आयलंड येथे ५०० मैलांची शर्यत सुरू झाली. १९६३ पासून ती न्यू साउथ वेल्समधील बाथर्स्ट गावी भरू लागली. तिथला माउंट पॅनोरमाचा सुमारे ६.२ किलोमीटरचा वळसा म्हणजे खास बांधलेले मैदान नव्हे, तर एरवी वाहतुकीला खुला असलेला सार्वजनिक रस्ता! एका फेरीत तो सुमारे १७४ मीटर चढतो आणि तितकाच उतरतो. शर्यतीची अट मोठी मार्मिक होती. दुकानात गिऱ्हाइकाला जी मोटार विकत मिळते, तीच इथे पळवायची. त्यामुळे शर्यत जिंकायची तर कारखान्याला आधी तशी मोटार लोकांसाठी बनवावी लागे.

येथूनच फोर्ड आणि होल्डन या दोन कंपन्यांची चुरस पेटली. १९६७ मध्ये आठ सिलिंडरांच्या फोर्ड फाल्कन जीटीने बाजी मारली. १९६८ व १९६९ मध्ये होल्डनच्या मोनारोने उत्तर दिले. १९७० व १९७१ ही दोन्ही वर्षे फाल्कन जीटी-एचओ घेऊन अ‍ॅलन मोफाट जिंकला. घरगुती बांध्याच्या मोटारीत दांडगे इंजिन बसवलेल्या अशा गाड्यांनाच 'मसल कार' म्हणतात. १९७१ च्या जीटी-एचओचे इंजिन ५.८ लिटरचे होते आणि ती ताशी २२५ किलोमीटरच्या पुढे जाई. अशा सुमारे ३०० गाड्याच बनल्या. आज त्यांतल्या एखादीला लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक किंमत आली आहे.

१९७२ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांनी हाकाटी केली की, ताशी १६० मैल वेगाच्या गाड्या आता कोणीही रस्त्यावर आणील. सरकार खवळले आणि कंपन्यांनी आपल्या नव्या योजना गुंडाळल्या. त्याच वर्षी भर पावसात पीटर ब्रॉक नावाच्या तरुणाने होल्डनची सहा सिलिंडरांची टोराना एकट्याने चालवून बलाढ्य फाल्कनना हरवले. पुढे हाच ब्रॉक बाथर्स्टला नऊ वेळा जिंकला. १९७९ मध्ये तर तो तब्बल सहा फेऱ्यांनी पुढे होता आणि तरीही शेवटच्या फेरीत त्याने वेगाचा विक्रम केला. त्या देशात घराघरांत फोर्डवाले आणि होल्डनवाले असे तट होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडेही शर्यती होत. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर फियाट, अ‍ॅम्बॅसेडर आणि हेराल्ड पळत. हौशी मंडळी घरच्या गाडीचेच इंजिन खोलून, घासून, सुधारून उतरत. हुन्नर कमी नव्हता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान थाटले होते, आणि आपल्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांच्या हाताविषयी मी वेगळे काय सांगू?

मग कमी काय पडले? माझ्या मते उत्तर मामांच्या त्या नोंदणीच्या पावतीत आहे. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे असेल, तर कारखान्याने शर्यत जिंकून कोणाला काय पटवून द्यायचे? परवान्यांच्या राज्यात प्रतिस्पर्धी दारात येऊ शकत नव्हता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि रांगेतली माणसे भराभर तिकडे वळली.

तरीही पुरा निवाडा इतका सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. चुरशीने लढलेले ते दोन्ही कारखानेही टिकले नाहीत. आयातकर उतरले, बाजारपेठ लहान पडली. फोर्डने २०१६ च्या ऑक्टोबरात आणि होल्डनने २०१७ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातले उत्पादन थांबवले. शर्यत आयुष्य वाढवून देतेच असे नाही. पण आहे त्या आयुष्यात अंगचे उत्तम काढून घेते, एवढे खरे.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे राहून राहून माझीच शाळा येत होती. एके काळी आमच्या मराठी शाळेपुढेही रांग असे. जूनमध्ये पालक हात जोडून उभे राहत आणि आम्ही तुकड्या भरल्याचे सांगत असू. आज शेजारी इंग्रजी शाळेची पिवळी बस उभी असते आणि आमचे बाक रिकामे राहतात. आम्ही सरकारला बोल लावतो, सीमाप्रश्नाला लावतो. ते सारे खोटे नाही. पण रांग होती त्या वर्षांत आपले इंजिन खोलून पाहावे असे आम्हाला कधी वाटले नाही, हे मुख्याध्यापक म्हणून मला कबूल केले पाहिजे.

यंदा आम्ही पाचवीपासून रोज एक जादा तास ठेवला आहे. तीन दिवस इंग्रजी, तीन दिवस कन्नड, कारण या मुलांना दोन्हींवाचून चालणार नाही. मराठी तर आहेच. शनिवारी पालकांनी वर्गात येऊन बसावे, असेही सांगितले आहे. पहिल्या शनिवारी चौघेच आले. मामा असते तर म्हणाले असते, घाट आहे, गाडी तापणारच, पाण्याचा डबा जवळ ठेव.