दारिद्र्याचे माप : दादाभाईंपासून दांडेकरांपर्यंत

तापमान मोजणाऱ्यास उष्णता म्हणजे काय, असा वाद आज कोणी घालीत नाही. परंतु देशात गरीब किती, असे विचारताच गरीब कोणास म्हणावे, हा प्रश्न आधी उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे उपपत्ती. त्या उत्तरापासून रुपयांच्या आकड्यापर्यंत येण्याची वाट म्हणजे तर्क, आणि घरोघर जाऊन तो आकडा ताडून पाहणे म्हणजे मापन. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी हलली, तरी गरिबांची संख्या बदलते. आपल्याकडील दारिद्र्यमापनाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

या इतिहासाचा आरंभ दादाभाई नौरोजींपासून करावा लागतो. बडोदेकर वाचकांस ते मल्हारराव गायकवाडांचे १८७४ मधील दिवाण म्हणून परिचित आहेत. ते पद सोडल्यावर १८७६ मध्ये त्यांनी मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. ब्रिटिश हिंदुस्थानचे वार्षिक उत्पन्न ३४ कोटी पौंड आणि लोकसंख्या १७ कोटी धरून दरडोई २० रुपये हा आकडा त्यांनी काढला. त्याच्या शेजारी त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च मांडला. सामान्य रयतेच्या वाट्यास कैद्याइतकेही येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. निर्वाहाची किमान पातळी ठरवून तिच्याशी उत्पन्नाची तुलना करावी, ही आजच्या दारिद्र्यरेषेमागील कल्पना येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते.

दादाभाईंची नजर मापनाच्या पद्धतीवरही होती. सरकारी तक्त्यांत जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे बेरजेला घेऊन जिल्ह्यांच्या संख्येने भागले जात. समजा, एका जिल्ह्यात दहा हजार एकरांत गव्हाचे पीक एकरी सहा मण आहे आणि दुसऱ्यात केवळ शंभर एकरांत एकरी बारा मण. सरकारी रीतीने सरासरी नऊ मण येते. खरी सरासरी सहा मणांहून जेमतेम अधिक. कागदावरची ही सुबत्ता भागाकारातून जन्मलेली आहे, हे दादाभाईंनी दाखविले.

मात्र त्यांच्या आकड्यामागेही एक उपपत्ती होती. शेती, खाणी आणि कारागिरी यांतून प्रत्यक्ष वस्तू निर्माण होतात तेवढेच उत्पन्न, व्यापारी वा नोकरदाराचे उत्पन्न त्यातूनच वाटले जाते, असे ते मानीत. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात सेवांनाही स्थान आहे. पुढे १८८२ मध्ये बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपये, तर १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये असा अंदाज दिला. हा वाद केवळ अंकगणिताचा नव्हता. इंग्रजी राज्याने रयत सुखी झाली की नागवली गेली, याचा निवाडा त्यावर अवलंबून होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी नव्याने हाती घेतला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दररोज दरडोई २२५० कॅलरी हा निकष होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून एवढे अन्न कोणत्या खर्चाच्या कुटुंबांस मिळते, ते त्यांनी पाहिले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती पातळी खेड्यात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली होते.

या निकषास आव्हान दिले तेही मराठी माणसाने. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, कॅलरींचा निकष ही सरासरी गरज आहे, किमान गरज नव्हे. निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमीअधिक होते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे दांडेकरांचे प्रतिपादन होते. दोघांपुढील आकडे बरेचसे तेच होते. फरक उपपत्तीत होता.

मापनाची पायरी किती निसरडी आहे, हे १९९९-२००० च्या पाहणीत दिसले. अन्नावरील खर्च गेल्या तीस दिवसांचा विचारावा की सात दिवसांचा, यावर आधीची काही वर्षे प्रयोग झाले होते. सात दिवसांचे विचारल्यास लोक खर्च अधिक सांगत आणि गरिबी जवळजवळ निम्मी दिसे. १९९९-२००० मध्ये दोन्ही प्रश्न एकाच घरी विचारले गेले. अधिकृत प्रमाण १९९३-९४ च्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. त्यातील किती घट खरी व किती प्रश्नाच्या बदललेल्या रूपाची, यावर अर्थतज्ज्ञांत दीर्घ वाद झाला.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत असताना २००२ ची दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची गणना झाली. तेरा बाबींवर प्रत्येकी शून्य ते चार असे एकूण ५२ गुण होते : जमीन, घर, कपडे, दोन वेळचे जेवण, कर्ज इत्यादी. परंतु गरीब कुटुंबे किती असावीत, याची मर्यादा १९९९-२००० च्या अंदाजाशी बांधलेली होती. म्हणजे सात दिवस की तीस दिवस, या विद्वानांच्या प्रश्नाचे उत्तर गावच्या चावडीवर यादी लागली तेव्हा एखाद्या विधवेच्या शिधापत्रिकेपर्यंत जाऊन पोहोचले. आपले नाव का नाही, असे विचारणाऱ्यास एका गुणाचा फरक सांगता येई; तो गुण ज्या मर्यादेमुळे निर्णायक ठरला, ती कोठून आली, हे मात्र सांगणे अवघड होते.

२००९ मध्ये तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेचा कॅलरींशी असलेला बांध सोडला आणि २००४-०५ साठी दारिद्र्याचे प्रमाण सुमारे साडेसत्तावीसऐवजी ३७ टक्के ठरले. त्या वर्षीचे लोक तेच होते, त्यांची ताटेही तीच होती. यावरून आकडे फसवे असतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दादाभाईंनी आकडा मांडला नसता, तर राज्यकर्त्यांच्या समृद्धीच्या दाव्यास उत्तर देणे कठीण झाले असते. मात्र दारिद्र्याचा कोणताही आकडा हाती आला की गरज कोणी ठरविली, तिचे रुपये कसे केले आणि लोकांना नेमके काय विचारले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्यासोबत मागण्याचा नागरिकास अधिकार आहे. यादीत नाव नसलेल्या माणसास तो सर्वांआधी आहे.