कर्नल लँडन कार्टर यांची रोजनिशी

अमेरिकन स्वातंत्र्याच्या इतिहासात व्हर्जिनियाचे बडे जमीनदार लँडन कार्टर (१७१०–१७७८) यांचे नाव क्वचितच घेतले जाते. १७५२ पासून १७६८ पर्यंत ते प्रांतिक विधिमंडळाचे सभासद होते. रिचमंड परगण्याच्या नागरी सेनेचे कर्नल होते. वसाहतीच्या हक्कांसाठी त्यांनी पत्रकेही लिहिली, आणि प्रत्यक्ष लंडनच्या बिशपासही छापील पत्रातून सुनावले.

परंतु पत्रकांपेक्षा आम्हांस त्यांची रोजनिशी अधिक मोलाची वाटते. १९६५ मध्ये ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली. तंबाखूचे पीक, पाऊस, स्वतःची दुखणी, पुत्राशी कलह, सारे तीत आहे. म्हातारा मोठा तक्रारखोर!

नोव्हेंबर १७७५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यांनी जाहीरनामा काढला : बंडखोर धन्यांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त होत. जून १७७६ च्या अखेरीस एका रात्री कार्टरांचे गुलाम बंदुका व दारूगोळा घेऊन डन्मोरकडे निघून गेले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तो त्यानंतर दहा दिवसांच्या आत. राजाच्या जुलमाची इतकी चीड असलेल्या या गृहस्थांस यात केवळ कृतघ्नता दिसली. जुलैत त्यांनी एक स्वप्न नोंदविले : पळालेल्यांपैकी एक जण खंगलेल्या, फिकट चेहऱ्याने येऊन, आम्हांस माफी मिळवून द्याल काय, असे विचारीत आहे.

मोझेस, मॅन्युएल, पीटर ही त्यांची नावेही आम्हांस कळतात ती धन्याच्याच लेखणीतून.