मटियाबुर्जचे नवाब आणि गडपारचा कवी

गार्डन रीचमध्ये २१ सप्टेंबर १८८७ रोजी वाजिद अली शाह वारले. त्याच कोलकात्यात ३० ऑक्टोबरला सुकुमार राय जन्मले. एक अवधचे पदच्युत नवाब, 'अख्तर' या नावाने उर्दूत कविता करणारे. दुसरे बंगाली मुलांचे लाडके कवी. पुनर्जन्माची गोष्ट रचायला एवढ्या तारखा पुरेत, पण तो मोह टाळलेला बरा. चित्रविचित्र प्राण्यांची हौस मात्र दोघांनाही सारखीच होती.

गार्डन रीच म्हणजे हुगळीच्या काठचा पट्टा. अठराव्या शतकात कंपनीच्या साहेबलोकांनी इथे बागबंगले उठवले. फेब्रुवारी १८५६मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि मे महिन्यात नवाब आगबोटीने कोलकात्याला पोचले. लंडनला जाऊन थेट राणीकडे दाद मागायची, असा बेत होता. प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून आई मलिका किश्वर पुढे गेल्या आणि हात हलवत परतताना १८५८मध्ये पॅरिसमध्ये वारल्या. इकडे सत्तावनचा उठाव पेटताच नवाबांना फोर्ट विल्यममध्ये डांबण्यात आलं. दोन वर्षांनी सुटका झाली, तेव्हा हाती उरली वर्षाला बारा लाखांची तनखा. त्या पैशांत त्यांनी गार्डन रीचमधल्या मटियाबुर्जला दुसरं लखनौ उभं केलं. वाडे, इमामबाडा, छापखाना, ठुमरी, कथक, पतंग, कबुतरं, काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटाही लोक त्यांच्याच नावावर खपवतात.

या सगळ्याचा उत्तम साक्षीदार एक मुलगा होता. पुढे उर्दूतले नामवंत लेखक झालेले अब्दुल हलीम शरर यांचं बालपण मटियाबुर्जमध्ये गेलं. त्यांनी केलेलं नवाबांच्या प्राणिसंग्रहालयाचं वर्णन वाचताना ते प्रौढ माणसाने लिहिलंय, हे विसरायला होतं. मोठ्या हौदात एक कृत्रिम डोंगर, डोंगराला बिळं, बिळांत शेकडो साप. ते बाहेर पडून बेडकांमागे धावायचे आणि लोक काठावरून बिनधास्त बघत उभे राहायचे. जिराफ होते, दोन मदारींचे उंट होते. कुठल्या प्राण्याची उणीव राहू नये म्हणून दोन गाढवंही पाळलेली! पांढऱ्या मोरांच्या जोडीला अकरा हजार रुपये मोजल्याचं शरर सांगतात, आणि प्राण्यांची देखभाल करणारेच आठशेवर होते म्हणतात. आकड्यांत दरबारी फुगवटा असेलही. गाढवं मात्र खरी वाटतात.

नवाब गेले आणि हा पसारा झपाट्याने मोडला. प्राणी, वाडे, जमिनी विकल्या गेल्या. सुकुमारच्या पिढीच्या वाट्याला आली ती १८७६मध्ये सुरू झालेली अलीपूरची सरकारी प्राणिबाग, पिंजऱ्यावर पाट्या लावलेली.

सुकुमारने पाट्याच बदलल्या. अर्धं बदक नि अर्धं साळिंदर म्हणजे हाँसजारू, बगळा आणि कासव मिळून बकच्छप, हत्ती आणि तिमी देवमासा एक झाले की हातिमी. नवाबांना अजब प्राणी जमवायला तिजोरी उपसावी लागली. या गृहस्थांना दौत आणि टाक पुरला. मराठी वाचकाला विंदांची 'राणीची बाग' इथे आठवेल. विंदांचे प्राणी मजेशीर बोलतात, वागतात, पण वाघ वाघच राहतो. सुकुमारच्या जगात मुळात घडणच फिसकटलेली असते, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटतही नाही. या थंडपणातच खरी गंमत आहे.

हे सगळं घडलं ते छापखान्याच्या घरात. वडील उपेंद्रकिशोर हाफटोन ठशांच्या तंत्रातले जाणकार. सुकुमार स्वतः १९११ ते १९१३ लंडन आणि मँचेस्टरला छपाईचं शिक्षण घेऊन आलेले. उत्तर कोलकात्यात १०० गडपार रोडला 'यू. राय अँड सन्स'चा छापखाना नि राहतं घर एकत्रच. 'संदेश' हे मुलांचं मासिक उपेंद्रकिशोरांनी १९१३मध्ये काढलं. १९१५मध्ये ते गेल्यावर संपादन सुकुमारकडे आलं. कविता त्यांची, चित्रंही त्यांचीच. म्हणून हाँसजारूचे काटे आणि पिसं कुठे जुळतात हे वाचकाला दिसतं. कवीने सांगून चित्रकाराला समजावण्याची भानगडच नव्हती.

१९२१मध्ये त्यांना काळा आजार जडला. या तापावरचं औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी त्याच शहरात, त्याच सुमारास शोधत होते. सुकुमारला ते वाचवू शकलं नाही. अंथरुणावर पडून ते 'आबोल ताबोल' या आपल्या कवितासंग्रहाची मांडणी करत राहिले. १० सप्टेंबर १९२३ला ते गेले, वय पुरतं छत्तीसही नव्हतं. नऊ दिवसांनी पुस्तक आलं. मुलगा सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचाही नव्हता. छापखानाही काही वर्षांतच बुडाला.

गार्डन रीचमध्ये आता युद्धनौका बांधणारा कारखाना आहे, दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे, आणि मटियाबुर्जच्या गल्ल्यांत शिलाई यंत्रं चालतात. तिथे शिवलेले लहान मुलांचे कपडे देशभर जातात. नवाबांची कबर सिबतैनाबाद इमामबाड्यात आहे. सापांच्या डोंगराचा मागमूस नाही.

नवाब आणि सुकुमार एकत्र आले ते थेट सत्यजित राय यांच्या कॅमेऱ्यापुढे. १९७७च्या 'शतरंज के खिलाडी'त त्यांनी अमजद खानला वाजिद अली शाह केलं. 'शोले'तला गब्बर ताजा असताना हे धाडसच होतं. बुद्धिबळाच्या डावात आणि राज्यकारभारात हरणाऱ्यांवरच्या त्या चित्रपटात टिंगल पुष्कळ आहे, पण गाणारा, कविता करणारा राजा त्यांनी हास्यास्पद होऊ दिला नाही. दहा वर्षांनी, १९८७मध्ये, त्यांनी वडिलांवर लघुपट केला. निवेदन सौमित्र चटर्जींचं. ज्यांना आठवणीतही धड पाहता आलं नव्हतं त्या वडिलांचं चरित्र त्यांनी छायाचित्रं, हस्तलिखितं आणि 'आबोल ताबोल'मधल्या चित्रांवरून उभं केलं. त्याआधी, १९६१मध्येच, कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या सोबतीने त्यांनी 'संदेश' पुन्हा सुरू केलं होतं, आणि त्या निमित्ताने स्वतःही मुलांसाठी लिहू लागले होते.