९८ खणांचा ट्रे आणि एक हंगाम : प्रो-ट्रेमध्ये भाजीची रोपं कशी तयार होतात?

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर या पिकांचं बी सहसा थेट शेतात पेरत नाहीत. आधी रोप तयार करायचं आणि मग त्याची लागवड करायची, ही जुनीच पद्धत आहे. पूर्वी प्रत्येक शेतकरी शेताच्या कोपऱ्यात गादीवाफा करून तरवा टाकायचा. आता नारायणगाव, संगमनेर, नाशिक या पट्ट्यात बहुतेक रोपं शेडनेटमधल्या रोपवाटिकेतून येतात आणि ती वाढतात काळ्या प्लास्टिकच्या प्रो-ट्रेमध्ये.

प्रो-ट्रे म्हणजे काय?

छोट्या छोट्या खणांचा पातळ ट्रे. प्रत्येक खण वर रुंद, खाली निमुळता आणि तळाला भोक. टोमॅटो, मिरची, कोबीसाठी साधारण ९८ ते १०४ खणांचे ट्रे वापरतात. काकडी, कलिंगड अशा मोठ्या पानांच्या वेलींसाठी ५० किंवा ७० खणांचे ट्रे बरे पडतात. गाजर आणि मुळा यांच्यासाठी मात्र ट्रे नको. त्यांचं सोटमूळ दुखावलं की कंद वेडावाकडा होतो. त्यांचं बी थेट जमिनीतच पेरावं.

गादीवाफ्यापेक्षा फायदा काय?

पहिला फायदा बियाण्याचा. संकरित बियाणं महाग असतं. ट्रेमध्ये एका खणात एकच बी पडतं, त्यामुळे दाटी होत नाही आणि बी वाया जात नाही.

दुसरा फायदा मुळांचा. वाफ्यातून रोप उपटताना बारीक मुळं तुटतात आणि लागवडीनंतर रोप काही दिवस मान टाकतं. ट्रेमधलं रोप मुळांच्या गड्ड्यासकट निघतं, त्यामुळे ते लवकर रुजतं.

तिसरं कारण तळाच्या भोकात आहे. मूळ तिथपर्यंत पोहोचलं की त्याचं टोक हवेमुळे सुकतं आणि वरून नवी बारीक मुळं फुटतात. म्हणून ट्रे थेट जमिनीवर न ठेवता स्टँडवर किंवा विटांवर ठेवतात. जमिनीला टेकले तर मुळं मातीत शिरतात आणि ट्रे उचलताना तुटतात.

माती का भरत नाहीत?

इतक्या छोट्या खणात माती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. मातीतून रोगाच्या बुरशीही येतात. म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरतात. ते हलकं असतं आणि पाणी धरून ठेवतं. पण त्यात क्षार असू शकतात, म्हणून धुतलेलं कोकोपीट घ्यावं किंवा वापरण्याआधी चांगल्या पाण्यात धुऊन घ्यावं. त्यात अन्नद्रव्यंही जवळपास नसतात. त्यामुळे खरी पानं आली की विद्राव्य खत सौम्य प्रमाणात द्यावं लागतं.

पेरणी ते लागवड

१. ओलसर कोकोपीट खणांत भरा. दाबून ठासू नका.
२. साधारण अर्धा सेंटिमीटर खोल एक बी टाका आणि वरून कोकोपीटने झाका.
३. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाका. आत ऊब आणि ओल टिकते.
४. तिसऱ्या दिवसापासून रोज पाहा. कोंब दिसू लागताच ट्रे सुटे करून उजेडात मांडा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं उंच आणि लुकडी होतात.
५. झारीने हलकं पाणी द्या. वरचा थर सतत चिंब राहिला तर रोप बुडाशी कुजून कोलमडतं. यालाच मर म्हणतात.
६. लागवडीआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा आणि ऊन वाढवत न्या, म्हणजे रोप काटक होतं.

काकडी १२ ते १५ दिवसांत, टोमॅटो आणि कोबी साधारण २५ ते ३० दिवसांत, वांगी ३० ते ३५ तर मिरची ३५ ते ४० दिवसांत लागवडीला येते. थंडीत काही दिवस जास्त लागतात.

एकरी किती ट्रे?

टोमॅटोची लागवड ४ फूट बाय दीड फुटावर असेल तर एकरी ७,२६० रोपं बसतात. तूट धरून १० टक्के जास्त घेतली तर सुमारे ८,००० रोपं लागतात, म्हणजे ९८ खणांचे ८२ ट्रे. एका एकराचं पीक महिनाभर एका मोठ्या खोलीएवढ्या जागेत उभं असतं.

म्हणूनच धोकाही तिथेच

पांढरी माशी, मावा आणि फुलकिडे विषाणू पसरवतात. लागण रोपवाटिकेत झाली तर रोप हिरवंगार दिसतं, पण विषाणू त्याच्यासोबत शेतात पोहोचतो. विषाणूवर औषध नाही. २०२० च्या उन्हाळ्यात राज्यातल्या टोमॅटो पट्ट्यात फळांवर रंगाचे चट्टे पडले आणि शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. तेव्हा विषाणूंची चर्चा गावागावांत पोहोचली. बारीक छिद्रांची कीडरोधक जाळी आणि दोन दारांचं प्रवेशद्वार असलेली रोपवाटिका म्हणूनच महत्त्वाची. जुने ट्रे पुन्हा वापरताना धुऊन निर्जंतुक करावेत.

रोपं विकत घेताना काय पाहाल?

- चार-दोन रोपं खणातून काढून बघा. मुळं पांढरी हवीत, गड्डा न फुटता निघाला पाहिजे.
- मुळं तपकिरी असतील किंवा गोल गुंडाळली असतील तर रोप जून झालंय. ते शेतात नीट पसरत नाही.
- सर्वात उंच रोप सर्वात चांगलं, असं नसतं. बुटकं, जाड खोडाचं रोप घ्या.
- पानं उलटून बघा. माशी किंवा मावा दिसला तर ती खेप नको.
- वाण, लॉट नंबर आणि पेरणीची तारीख लिहिलेलं पक्कं बिल घ्या. पुढे तक्रारीची वेळ आली तर पुरावा तोच.

टोमॅटोचं फळ हातात यायला लागवडीनंतर दोन-अडीच महिने जातात. रोपात खोट असेल तर ती कळेपर्यंत खत, मल्चिंग, बांबू, तार आणि मजुरीचा खर्च होऊन गेलेला असतो. त्यामुळे ट्रे गाडीत भरण्याआधीची दहा मिनिटांची तपासणी टाळू नये.